चांदरचा जुना वाडा: त्याचा इतिहास आणि जतन



भिवंडीच्या जुन्या वस्तींतून चालतांना यंत्रमागांची खडखड कानीं पडत नाहीं असा रस्ता विरळा. त्याच गल्ल्यांतून एखादें जुनें माडीचें घर अजून दृष्टीस पडतें. लांकडी खांब, वर तुळया, पुढें ओटा आणि माथ्यावर कौलें, असें त्याचें रूप असतें. आपण त्याच्यावरून रोज शाळेंत जातों. परंतु तें घर कोणीं बांधिलें, कशाच्या उत्पन्नावर बांधिलें, आणि इतके पावसाळे सोसून तें उभें कसें राहिलें, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. एके दिवशीं त्याच्याभोंवतीं पत्र्याचें कुंपण पडतें, आणि पुढें वर्षभरानें त्या जागीं पूर्वीं काय होतें हें शेजाऱ्यासही नीट आठवत नाहीं.

घराची निगा म्हणजे केवळ हौस नव्हे, हें आपल्या गांवास फार कठोर रीतीनें शिकावें लागलें आहे. २०२० सालच्या सप्टेंबर महिन्यांत भिवंडींत एक तीन मजली इमारत पहांटेच्या वेळीं कोसळली आणि पस्तीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ती इमारत कांहीं शतकांपूर्वींची नव्हती. तिचें वय कांहीं दशकांचेंच होतें. उलट कोंकणपट्टींत दोनशें-तीनशें वर्षांचीं घरें अद्यापि उभीं आहेत. तेव्हां घर पडतें तें केवळ वयानें पडत नाहीं, हें उघड आहे. मग जुनें घर टिकतें तें कशावर? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं प्रस्तुत लेखांत आम्ही एका मोठ्या बागाइतदाराच्या घराचा अभ्यास करण्याचें योजिलें आहे.

आधीं जवळचें एक उदाहरण घेऊं, म्हणजे न टिकलेल्या वस्तूची गति कशी होते तें ध्यानांत येईल. ठाण्याहून मुंबईकडे जातांना पवईचा तलाव लागतो. १८२९ च्या सुमारास त्या भागांतील जमीन फ्रामजी कावसजी बानाजी या प्रसिद्ध पारशी व्यापाऱ्यानें ईस्ट इंडिया कंपनीकडून पट्ट्यानें घेतली. त्यांनीं तेथें ऊंस, नीळ, तुती, कापूस अशा नानाविध पिकांची लागवड करविली आणि आंब्याच्या बागा उठविल्या. १८३८ सालीं त्यांनीं महाराणी व्हिक्टोरियेकडे बोटीनें आंबे पाठविले, अशी नोंद आहे. आज पवईस जाऊन पहावें तर १८९०-९१ सालीं बांधलेला तलाव दिसतो, १९५८ सालीं स्थापन झालेली भारतीय तंत्रविज्ञान संस्था दिसते, आणि आभाळास टेंकलेल्या इमारतींची वसाहत दिसते. फ्रामजींच्या बागाइतीची ओळख मात्र तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यांस राहिलेली नाहीं. मुंबईंत धोबीतलावाजवळ त्यांच्या नांवाची संस्था आहे, म्हणून त्यांचें नांव तरी लोकांच्या तोंडीं राहिलें. त्या बागांत ज्यांनीं कुदळ मारली त्यांचें नांवही राहिलें नाहीं आणि खूणही राहिली नाहीं.

पवई ज्या बेटावर आहे त्यास आपण साष्टी म्हणतों. हेंच नांव थोड्या फरकानें गोव्यांतही आढळतें. मडगांव ज्या तालुक्यांत आहे त्याचें नांव सासष्टी. दोन्ही नांवें सहासष्ट गांवांवरून पडलीं, असें सांगतात. दोन्ही मुलखांवर पोर्तुगीजांचा अंमल होता. आपल्याकडील वसई त्यांनीं १५३४ सालीं घेतली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून तो अंमल संपविला. गोव्यांतील सासष्टी त्यांच्याकडे १५४३ सालीं गेली ती १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दीर्घ कालांत तेथें जमीनदारांचीं जीं मोठीं घरें उभीं राहिलीं त्यांपैकीं चांदर गांवचा ब्रागांझा वाडा हा सर्वांत प्रसिद्ध होय. त्याच वाड्याकडे आतां वळूं.

चांदर हें गांव मडगांवच्या पूर्वेस दहा-पंधरा किलोमीटरांवर, कुशावती नदीच्या परिसरांत आहे. त्याचें प्राचीन नांव चंद्रपूर. भोज राजांच्या आणि पुढें कदंब राजांच्या काळीं ही राजधानी होती. कदंबांनीं राजधानी समुद्राजवळ नेल्यावर या नगराचें वैभव ओसरलें आणि कालांतरानें तेथें एक शेतकऱ्यांचें गांव तेवढें उरलें. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील इतिहासाचे अध्यापक फादर हेन्री हेरास यांनीं १९२९ च्या सुमारास येथें उत्खनन केलें, तेव्हां प्राचीन शिवालयाचे अवशेष उजेडांत आले. तेथील मस्तक नसलेला दगडी नंदी पाहिला म्हणजे एका मातीखालीं किती राज्यें गाडलेलीं असतात याची कल्पना येते. ब्रागांझा वाडा आपणांस जुना वाटतो. पण ज्या भूमीवर तो उभा आहे तिच्या हिशेबानें तो अगदीं अलीकडचा आहे.

या वाड्याचा सर्वांत जुना भाग सोळाव्या शतकांतील समजला जातो. आज दिसणारें भव्य रूप त्यास पुढील शतकांत टप्प्याटप्प्यानें आलें. घराणें मूळचें येथलेंच. धर्मांतरानंतर त्यानें पोर्तुगालच्या राजघराण्याचें ब्रागांझा हें नांव धारण केलें. कालांतरानें घराण्याच्या दोन शाखा झाल्या आणि वाड्याचेही दोन भाग झाले. पश्चिमेचा भाग मिनेझिस ब्रागांझा यांचा, आणि पूर्वेचा ब्रागांझा परेरा यांचा. दोहोंच्या मध्यें एकच प्रवेशद्वार व एकच जिना आहे. चर्चच्या पटांगणासमोर या वाड्याची दर्शनी भिंत लांबच लांब पसरली असून तिच्या वरच्या मजल्यास २४ खिडक्या आहेत.

आतां या वैभवाचा उगम कोठें होता तें पाहूं, कारण घराचा पाया जमिनींत असतो असें आपण म्हणतों तें येथें दोन्ही अर्थांनीं खरें आहे. गोव्यांत नारळीच्या बागाइतीस ‘भाट’ म्हणतात आणि तिच्या मालकास ‘भाटकार’. भाटकाराच्या जमिनींत झोंपडी किंवा लहानसें घर बांधून जो राहतो त्यास ‘मुंडकार’ म्हणतात. मुंडकारानें भाटाची राखण करावी, पडलेला नारळ गोळा करून द्यावा, हांक मारली कीं कामास यावें, अशी रीत होती. याखेरीज सखल भागांत खाजणें असत. आपल्या कामवारी नदीच्या आणि खाडीच्या कांठच्या मुलांस खाजण म्हणजे काय हें सांगावयास नकोच. बांध घालून भरतीचें खारें पाणी अडवावयाचें आणि आंतल्या जमिनींत भात पिकवावयाचें, ही विद्या कोंकण व गोवा दोन्हीकडे सारखीच आहे. नारळ पाडणारा पाडेली, माडाची सुर काढणारा रेंदेर, बांध सांभाळणारा मजूर आणि गुडघाभर चिखलांत वाकून लावणी करणारी बाई, या सर्वांच्या श्रमांचें फळ खंडाच्या रूपानें भाटकाराच्या घरांत येई. वाड्याची एकेक खिडकी म्हणजे कितीएक हंगामांचा खंड होय.

घर कसें बांधीत असत हेंही समजून घेण्यासारखें आहे. कोंकण-गोव्याच्या भूमींत सांपडणारा तांबडा जांभा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज घडवितां येतात. हवेंत राहिला म्हणजे तो कठीण होतो. या चिऱ्यांच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, सागवान व इतर टिकाऊ लांकडाचा सांगाडा, आणि वर उतरतें छप्पर, अशी ही रचना. पूर्वीं छपरावर नळीचीं कौलें असत. मंगळुरास बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढल्यानंतर त्या धर्तीचीं चपटीं कौलें सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. आपल्या ठाणें जिल्ह्यांतल्या कितीएक घरांवर आजही तींच आहेत. काच दुर्मिळ होती त्या काळीं गोव्याच्या घरांत खिडक्यांच्या लांकडी चौकटींत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. त्यांतून उन्हाचा ताप आंत येत नसे, पण सौम्य असा प्रकाश येई. खोल्या उंच आणि खिडक्या समोरासमोर ठेविल्यामुळें वारा एका बाजूनें येऊन दुसऱ्या बाजूनें निघून जाई. दरवाजापुढें बसण्याच्या कट्ट्यांची जी देवडी असे तिला ‘बाल्कांव’ म्हणतात; आपल्या ओट्याचीच ती बहीण होय. थोडक्यांत, दिखावा परदेशी असला तरी दगड, चुना, कौल, वारा आणि पाऊस यांचें शहाणपण सर्वस्वीं येथलें होतें.

वाड्याच्या आंत गेल्यावर पाहुण्यास व्यापाराचें अवघें जग दिसतें. चीनमधील मातीचीं नक्षीदार भांडीं, बेल्जममधील झुंबरें, इटलीचा संगमरवर, आणि गोव्याच्या सुतारांनीं शिसवी लांकडांतून कोरलेल्या खुर्च्या व मेजें. पूर्वेकडील भागांत घराण्याचें प्रार्थनामंदिर आहे. नृत्यगृहाच्या छतावर रंगीत नक्षी आहे. पण आमच्या मतें या वाड्यांतील सर्वांत मोलाची वस्तु झुंबर नव्हे, खुर्चीही नव्हे; ती आहे पश्चिमेकडील भागांतलें ग्रंथालय. सुमारें ५,००० ग्रंथांचा हा संग्रह ज्यांच्यामुळें प्रसिद्धीस आला त्यांचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचण्याजोगें आहे.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म चांदर येथें १५ जानेवारी १८७८ रोजीं झाला. १९०० सालीं मेसियस गोमिश यांच्याबरोबर त्यांनीं ‘ओ हेराल्डो’ हें पोर्तुगीज भाषेंतील दैनिक सुरू केलें. गोव्यांतील तें पहिलें दैनिक होय. पुढें १९११ सालीं ‘ओ देबाते’ आणि १९२८ सालीं ‘प्रकाश’ या पत्रांच्या द्वारें त्यांनीं लोकांच्या हक्कांचा पुरस्कार केला. १९३० सालीं पोर्तुगालच्या सरकारनें वसाहतींस कायमचें दुय्यम स्थान देणारा कायदा केला, तेव्हां त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं त्यांनीं गोव्याच्या कौन्सिलांत त्याचा निषेध करणारा आणि गोव्याच्या जनतेस स्वयंनिर्णयाचा अधिकार आहे असें सांगणारा ठराव मांडला. १० जुलै १९३८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे एक आद्य पुरस्कर्ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचाही जन्म १८९१ सालीं चांदर येथेंच झाला, आणि लुईस यांच्या कन्या बेर्ता यांनींही पुढें स्वातंत्र्याचा ध्वज खांद्यावर घेतला. राजघराण्याचें नांव धारण केलेल्या घरांतूनच त्या राजसत्तेस ‘आम्हांस आमचा अधिकार द्या’ असें बजावणारा आवाज निघाला, ही या वाड्याच्या इतिहासांतील अपूर्व गोष्ट होय.

या निर्भयपणाचें मोल घरास द्यावें लागलें. १९५० सालीं मिनेझिस ब्रागांझा कुटुंबास गोवा सोडून बंगळुरास जाऊन रहावें लागलें. पश्चिमेकडील भाग सुमारें बारा वर्षें मालकांविना राहिला. १९६१ सालच्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला आणि १९६२ सालीं कुटुंब परत आलें. घरांतील वस्तु बहुतांशीं जशा ठेविल्या होत्या तशाच सांपडल्या, असें सांगतात. बारा पावसाळे आणि इतकें मोलाचें सामान. तरी तें राहिलें. जें घर केवळ कुलुपाच्या भरंवशावर सोडलेलें असतें तें असें रहात नाहीं. ज्या गांवांत घराची अब्रू राखली जाते, त्या गांवांतच असें घडतें.

यानंतर मात्र वाड्यासमोर एक निराळीच अडचण उभी राहिली, आणि आमच्या अभ्यासाचें मर्म येथेंच आहे. स्वतंत्र गोव्यांत जमिनीचे नवे कायदे झाले. १९६४ सालीं कूळकायदा झाला, १९७५ सालीं मुंडकारांस त्यांच्या राहत्या घरांतून हुसकावून लावतां येणार नाहीं असा कायदा झाला, आणि १९७६ सालच्या दुरुस्तीनें कसणाऱ्या कुळास जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पिढ्यानुपिढ्या दुसऱ्याच्या जमिनींत भीत भीत राहणाऱ्या माणसास ‘हें घर माझें’ असें म्हणतां आलें. यांत अन्याय झाला असें कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतही कूळकायद्यानें हेंच कार्य केलें. तथापि त्याबरोबर हेंही झालें कीं, ज्या खंडावर मोठे वाडे उभे होते तो खंड आटला. छपराचीं कौलें मात्र पूर्वींइतकींच राहिलीं, आणि पाऊसही पूर्वींइतकाच राहिला!

शिवाय गोव्यांत पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसाच्या नियमांप्रमाणें मुलगे आणि मुली या सर्वांस वांटा मिळतो. हा नियमही न्यायाचाच आहे. पण एका घराचे अनेक वांटेकरी झाले, त्यांतील कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी आफ्रिकेंत गेले, म्हणजे एका तुळईची दुरुस्ती करावयाची तरी कोणाची संमति घ्यावी आणि खर्च कोणीं सोसावा, असा पेंच पडतो. म्हणून गोव्यांतील कितीएक सुंदर घरें कुलुपबंद होऊन ढासळलीं. चांदरचा वाडा जो राहिला तो यामुळें कीं, त्यांत माणसें राहिलीं. गेल्या कांहीं दशकांत दोन्ही शाखांच्या कुटुंबांनीं आपलें घर पाहुण्यांस उघडें ठेविलें; पाहुणे जी देणगी देत तिचा दुरुस्तीस हातभार लागे. एके काळीं ज्या दिवाणखान्यांत निमंत्रणावांचून कोणी पाऊल टाकूं शकत नसे, तेथें आतां शाळेंतील मुलें रांगेनें जाऊं लागलीं.

येथें कोणी असा प्रश्न विचारील कीं, गरिबांच्या श्रमांवर उभारलेलें हें ऐश्वर्य राखावें तरी कशासाठीं? पडतें तर पडूं द्यावें! हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. याचें उत्तर देण्यापूर्वीं आपण क्षणभर दूर अमेरिकेकडे पाहूं, कारण तेथील लोकांसही हाच प्रश्न याहून कितीतरी तीव्र रूपानें पडला होता.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचें माउंट व्हर्नन हें घर म्हणजे एका मोठ्या शेतमळ्याचें घर होतें. वॉशिंग्टन यांच्या पश्चात् तें मोडकळीस आलें. १८५३ सालीं अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनीं स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. तिनें देशभर वर्गणी गोळा करून १८५८ सालीं दोन लक्ष डॉलरांस हें घर खरेदी करण्याचा करार केला. घर वांचलें आणि लक्षावधि लोक तें पाहूं लागले. पण पुष्कळ वर्षें तेथें वॉशिंग्टन यांच्या खोल्या तेवढ्या दाखवीत. १७९९ सालीं त्यांचा मृत्यु झाला तेव्हां त्या मळ्यावर ३१७ गुलाम होते, ही गोष्ट हळू आवाजांतच सांगितली जाई. त्या गुलामांच्या दफनभूमीवर १९२९ सालीं एक लहानशी शिळा बसविली गेली आणि १९८३ सालीं त्यांचें योग्य असें स्मारक झालें. पुढें २०१४ सालीं लुइझियाना प्रांतांत व्हिटनी नांवाचा एक जुना मळा लोकांस खुला झाला, तो तर मुख्यतः गुलामांचाच इतिहास सांगण्यासाठीं. गोव्याचा मुंडकार हा विकत घेतलेला गुलाम नव्हता, आणि दोन्ही गोष्टी एका मापानें मोजणें योग्य होणार नाहीं. परंतु दोन्हीकडचा धडा एकच आहे. घर पाडल्यानें अन्याय पुसला जात नाहीं. केवळ त्याचा पुरावा पुसला जातो. घर राखावें तें मालकाच्या गौरवासाठीं नव्हे, तर त्यांत जें जें घडलें तें सर्व पुढच्यांस कळावें म्हणून.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चांदरच्या वाड्याचें जतन करणें याचा अर्थ केवळ झुंबर पुसणें एवढाच होत नाहीं. जांभ्याचा चिरा कोणीं वाहिला, शिसवी खुर्ची कोणीं कोरली, माडावर कोण चढला, आणि ज्या विचारानें मुंडकारास घर मिळवून दिलें तो विचार याच घरांतील ग्रंथांच्या शेजारीं कसा वाढला, हेंही जपलें पाहिजे. ज्या ग्रंथालयांत स्वातंत्र्याचें चिंतन झालें त्याच स्वातंत्र्यानें पुढें त्या घराचें उत्पन्न घेतलें. यांत आम्हांस त्या घराची हानि दिसत नाहीं. त्याची थोरवी दिसते.

आतां जतनाच्या प्रत्यक्ष कामाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. जुन्या घराचा मुख्य शत्रु म्हणजे पाणी. कोंकण-गोव्यांत वर्षास सुमारें शंभर-सव्वाशें इंच पाऊस पडतो. एक कौल सरकलें तर त्यांतून थेंब थेंब पाणी वाशावर पडतें, वासा कुजतो, कुजक्या लांकडास वाळवी लागते, वाळवी भिंतींतून खालीं उतरते, आणि पांच वर्षांनीं लोक म्हणतात कीं घर एकाएकीं पडलें! म्हणून मृग नक्षत्रापूर्वीं छपरावर माणूस चढवून फुटकीं कौलें बदलणें, पन्हळींतील पालापाचोळा काढणें, आणि पायथ्याशीं पाणी सांचूं न देणें, हीं तीन कामें कोणत्याही मोठ्या दुरुस्तीपेक्षां अधिक मोलाचीं आहेत.

दुसरी गोष्ट चुन्याची. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें ओल शोषतो, आणि ती ओल उन्हाळ्यांत बाहेर टाकतो. चुन्याचा गिलावा त्यास तसें करूं देतो. अलीकडे पुष्कळ लोक मजबुतीच्या समजुतीनें अशा भिंतीस सिमेंटचा गिलावा करितात. सिमेंट ओलीस सहज बाहेर येऊं देत नाहीं. मग ती आंतल्या आंत राहून क्षार सांठवितें, चिरा ठिसूळ होतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. औषध चांगलें असून रोग्याच्या प्रकृतीस न मानवावें, त्यांतलाच हा प्रकार. जुनें घर दुरुस्त करावयाचें तर त्याच्या मूळ द्रव्यांनींच करावें, हा या शास्त्रांतील पहिला नियम होय. ग्रंथांचें तसेंच आहे. दमट हवेंत त्यांवर बुरशी येते आणि कसर लागते. पुस्तकें कपाटांत कोंडून ठेवण्यापेक्षां कोरड्या दिवसांत खिडक्या उघडून त्यांस वारा लागूं देणें आणि तीं वरचेवर हाताळून झटकणें हेंच अधिक हितावह. ज्या घरांत माणसें वावरतात तें घर टिकतें, असें आपल्या आज्या म्हणत असत. त्यांच्या बोलण्यांत शास्त्रही होतें.

आपल्या राज्यघटनेंत १९७६ सालीं नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें घालण्यांत आलीं. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचें मोल जाणून तो जतन करणें हें त्यांतील एक कर्तव्य आहे. ‘संमिश्र’ हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चांदरच्या एका गांवांत कदंबांचा नंदी आहे, चर्च आहे, आणि स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्याचा वाडा आहे. भिवंडीच्या मुलांस हें चित्र परकें वाटूं नये. आपल्याही तालुक्यांत लोनाडचीं लेणीं आहेत, वसईच्या विजयाशीं ज्याचा संबंध आहे तें वज्रेश्वरीचें देवालय आहे, गांवांत जुन्या मशिदी आणि जुन्या पेठा आहेत, आणि दूरदूरच्या प्रांतांतून येऊन येथें माग चालविणाऱ्यांचीं घरें आहेत.

तेव्हां विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें. या सुटींत आपल्या किंवा शेजारच्या एका जुन्या घराचा अभ्यास करा. घराचा नकाशा काढा. भिंती कशाच्या, कौलें कोणत्या कारखान्याचीं, तुळया कोणत्या लांकडाच्या, तें लिहून घ्या. कौलाच्या पाठीवर पुष्कळदां कारखान्याचें नांव उमटविलेलें असतें. घरांतील वडील माणसांस विचारा कीं, हें घर कोणीं बांधिलें, गवंडी कोठून आले, पाणी कोण भरीत असे, ओट्यावर कोण बसत असे आणि कोणास बसूं देत नसत. शेवटचा प्रश्न विचारण्यास संकोच करूं नका. खरा इतिहास पुष्कळदां त्याच प्रश्नाच्या उत्तरांत असतो.

पालकांसही एक विनंती. माळ्यावरच्या पेटींतील जुने कागद, खतें, छायाचित्रें रद्दींत देण्यापूर्वीं एकवार मुलांबरोबर बसून पहा. घर राखणें सर्वांस शक्य होत नाहीं, हें आम्ही जाणतों. कुटुंब वाढतें, जागा अपुरी पडते, भिंत धोक्याची होते. जें घर खरोखर धोक्याचें झालें आहे त्यांत मोहानें राहणें हा शहाणपणा नव्हे. माणसाचा प्राण कोणत्याही नक्षीपेक्षां मोठा आहे. पण पाडावेंच लागलें तर त्यापूर्वीं त्याचें चित्र, माप आणि हकीकत तरी लिहून ठेवावी. पवईच्या बागाइतीसारखी सर्व खूण नाहींशी होणें आणि घर गेलें तरी त्याची गोष्ट राहणें, यांत फार अंतर आहे.

आरंभीं आम्हीं प्रश्न विचारिला होता कीं, जुनें घर टिकतें तें कशावर? चांदरच्या वाड्यानें त्याचें उत्तर दोन वेळां निरनिराळें दिलें. प्रथम तो दुसऱ्यांच्या श्रमांच्या खंडावर उभा होता; तो आधार न्यायानें काढून घेतला. त्यानंतर तो घरांतल्या माणसांच्या नित्य निगेवर आणि गांवाच्या व पाहुण्यांच्या आपुलकीवर उभा राहिला. पहिल्या आधारापेक्षां हा दुसरा आधार दिसण्यांत दुबळा आहे, पण तो कोणापासून हिरावून घेतलेला नाहीं. दर वर्षीं मृगाच्या आधीं कोणीतरी छपरावर चढतें आणि सरकलेलें एक कौल जागीं बसवितें. तेवढ्यानें आणखी एक पावसाळा निघतो. आपल्या गल्लींतल्या त्या जुन्या माडीच्या घरासही याहून अधिक कांहीं नको आहे.